अण्णांचे भाषण आणि माळ्यावरचा व्हीसीआर

स्मरणिकेसाठी या वर्षी काहीतरी लिहाच, असा संपादक मंडळातील मित्रांचा आग्रह झाला, तेव्हा मी त्यांना म्हटले की निवृत्त फिजिशियनजवळ लिहिण्यासारखे रुग्ण उरलेले नसतात. त्यावर एक मित्र म्हणाले, "मग गेल्या हिवाळ्यात ज्याच्यावर दीड महिना उपचार केलेत, त्याच्याविषयी लिहा की." हा रुग्ण आमच्या टिळकवाडीच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला झाकण काढलेल्या अवस्थेत अजूनही पडून आहे. वय पस्तिशीच्या पुढे, जन्म जपानचा, सारी हयात निपाणी व बेळगावात गेलेली. मुख्य तक्रार एकच : कॅसेट आत घेतो आणि लगेच बाहेर टाकतो. घरातील मंडळींनी त्याला भंगारात काढण्याचा निर्णय कधीच घेतला होता. तो अंमलात आला नाही, याचे कारण माझी आई.

गेल्या दिवाळीतील पाडव्याची संध्याकाळ होती. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि आई अचानक म्हणाली, "तुझ्या अण्णांचं ते भाषण लाव की एकदा." आईला नव्वदावे वर्ष लागले आहे. मॅक्युलर डीजनरेशनमुळे दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी गेली आहे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेने कोणी आले-गेले तेवढे कळते. कान मात्र शाबूत आहेत, स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीत १९५८ पासून त्यांचा दवाखाना होता. तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या कामावर राबणाऱ्या बायका, आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी, असे त्यांचे रुग्ण. १९९० च्या डिसेंबरात त्यांची एकसष्टी आम्ही मुलांनी मोठ्या हौसेने केली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला बोलावला होता. त्याचा मदतनीस हॅलोजनचा दिवा घेऊन पाहुण्यांच्या डोळ्यांवर झोत टाकत हिंडत होता. होम, तुला, सत्कार, पंगत, सगळे त्याने टिपले, आणि शेवटी अण्णांचे भाषण. अण्णा १९९८ साली गेले. त्यांच्या आवाजाची दुसरी कोणतीही नोंद आमच्याजवळ नाही.

या कॅसेटची आम्ही काळजी घेतली नव्हती, असे नाही. २००५ साली एका दुकानात देऊन तिच्या सीडी करून घेतल्या होत्या. व्हिडिओ सीडीवर जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून दोन सीडी झाल्या. पहिलीवर होम आणि तुला, दुसरीवर पंगत आणि भाषण. पहिली सीडी आजही चालते, दुसरी कोणत्याही यंत्रात वाचली जात नाही. घरी लिहिल्या जाणाऱ्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो, हे आम्हाला उशिरा कळले. तेव्हा भाषण उरले होते ते फक्त मूळ कॅसेटमध्ये, आणि मूळ कॅसेट निपाणीच्या घराच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत.

तरुण वाचकांसाठी थोडे मागे जायला हवे. व्हीएचएस ही पद्धत जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे तिचे पाय घरोघर लागले ते १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि पाठोपाठ आखातातून, सिंगापुरातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागले. सीमाभागात त्याचे अप्रूप आणखी एका कारणाने होते. आमच्या निपाणीच्या घरच्या अँटेनावर राष्ट्रीय कार्यक्रम हिंदीत दिसे आणि प्रादेशिक कार्यक्रम कन्नडात. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम कोल्हापूरकडचे पाहुणे वर्णन करून सांगत, तेवढेच. मराठी नाटक, मराठी चित्रपट घरात बसून पाहायचा तर कॅसेट भाड्याने आणण्याला पर्याय नव्हता. गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी टीव्ही आणि व्हीसीआर मांडून रात्रीत तीन-तीन चित्रपट दाखवत. सकाळी ओपीडीत डोळे चोळत येणाऱ्यांची साथ कशाची, हे अण्णांना विचारावे लागत नसे. पुढे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी शैक्षणिक कॅसेट घेऊन दवाखान्यात येऊ लागले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या आपल्या सर्जन मित्रांनी तर आपली उमेदवारीची वर्षे याच टेपवर साठवून ठेवली आहेत. २०१६ च्या जुलैमध्ये फुनाई या कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि जगात नवा व्हीसीआर तयार होणे बंद झाले. आता आहे तो दुरुस्त करायचा, एवढेच हाती आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी तवंदी घाट उतरून निपाणीला गेलो. माळ्यावरून व्हीसीआर आणि कॅसेटची ट्रंक खाली काढली. ट्रंक उघडताच तंबाखूच्या बारीक धुळीने सौ.ला शिंका सुरू झाल्या. वखारींच्या शेजारी चाळीस वर्षे राहिलेल्या घरात ही धूळ कुठवर पोचली असेल, याची कल्पना मला व्हीसीआर उघडल्यावर आली.

बेळगावात खडेबाजारात पूर्वी ज्यांच्याकडे आम्ही यंत्र दुरुस्तीला देत असू, त्या मिस्त्रींना फोन केला. आता ते थकले आहेत, दुकानात त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो. "डॉक्टर, अजून ठेवलाय होय तुम्ही?" ते हसले. "पार्ट मिळायचे नाहीत बघा. मी सगळं भंगारात घातलं. करायचं तर तुम्हीच करा की, हात तुमचा हलका आहे." मग गंभीर होऊन म्हणाले, "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आधी मोलाची कॅसेट घालायची नाही, कुठली तरी साधी घालून बघायची. आणि हेडला कापूस लावायचा नाही. वर-खाली चोळायचं तर नाहीच नाही. चोळलं की हेड तुटलंच म्हणून समजा."

हे दोन नियम मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले. तिसरा माझा स्वतःचा : प्लग भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, आणि काढल्यावरही पॉवर सप्लायच्या भागाला बोट लावायचे नाही. तेथील मोठे कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात. डीफिब्रिलेटर हाताळलेल्यांना अधिक सांगणे नको.

झाकण काढले. आत धुळीचा गालिचा, पालीच्या अंड्यांची तीन टरफले आणि एक वाळलेले झुरळ. मऊ कुंचल्याने आणि रबरी भात्याने धूळ काढण्यात एक संध्याकाळ गेली. यंत्र कॅसेट का ओकते, हे मात्र धुळीखाली लगेच सापडले. कॅसेट आत ओढणारी यंत्रणा एका छोट्या मोटरवर रबरी पट्ट्याने चालते. तो पट्टा पातळ होऊन डांबरासारखा पुलीला चिकटला होता. जुन्या रबराचे दोन्ही प्रकारचे वार्धक्य या यंत्रात पाहायला मिळते. पट्टे मऊ होऊन वितळतात, तर रिळे फिरवणाऱ्या आयडलर चाकावरची रबरी कडी उलट कडक होऊन तुकतुकीत होते आणि घसरू लागते. टेप पुढे सरकते, पण पलीकडचे रीळ ती गुंडाळून घेत नाही, आणि मग यंत्राच्या पोटात शेवयांसारखा टेपचा ढीग पडतो. 'व्हीसीआरने कॅसेट खाल्ली' असे आपण म्हणत असू, त्या आजाराचे मूळ बहुधा या पाच-दहा रुपयांच्या कडीत असते.

पट्टा ऑनलाइन मागवला. जुना पट्टा ताणून सैल झालेला असतो, म्हणून दोऱ्याने त्याचे माप घेऊन नवा किंचित लहान घ्यावा. आयडलरच्या कडीसाठी मी नळाच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि ओ-रिंगचे पंधरा नमुने काढायला लावले. "कुठल्या नळाला बसवायचीय?" दुकानदाराने त्रासून विचारले. मी खरे सांगितले. त्याने शांतपणे सगळ्या रिंगा पुन्हा डब्यात भरल्या आणि एक ठेवली. "ही न्या. पैसे नकोत." ती बसली आणि आजही चालते आहे.

यानंतर आला तो या साऱ्या खटाटोपातील सर्वात चमत्कारिक दोष. नवा पट्टा घालून, झाकण उघडेच ठेवून, टेबल लॅम्पच्या प्रकाशात एका जुन्या हिंदी चित्रपटाची कॅसेट आत सरकवली. आत गेली, आणि यंत्र थांबले. पुन्हा केले, पुन्हा थांबले. तासभर मी पट्टा, चाक, गिअर तपासत राहिलो. अखेर सौ. जेवायला बोलावण्यास आली आणि तिने सवयीने दिवा मालवला. त्या क्षणी यंत्र चालू लागले.

कारण साधे आहे. व्हीएचएस टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. कॅसेटच्या मधोमध एक प्रकाशस्रोत आणि दोन बाजूंना प्रकाश ओळखणारे सेन्सर असतात. टेप संपून पारदर्शक पट्टी आली की प्रकाश सेन्सरवर पडतो आणि यंत्राला थांबण्याचा हुकूम मिळतो. माझ्या दिव्याचा झोत उघड्या झाकणातून सेन्सरवर पडत होता. यंत्र निरोगी होते, तपासणाऱ्याच्या दिव्याने त्याला आजारी ठरवले होते. रक्तदाबाच्या बाबतीत पांढऱ्या कोटाची ही करामत आपण सारेच जाणतो. पुढे मी वरून 'तरुण भारत'चा एक अंक पांघरून काम केले.

चित्रपट सुरू झाला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज मात्र स्वच्छ. निदानाच्या दृष्टीने ही अवस्था फार मोलाची. कारण साध्या मोनो व्हीसीआरमध्ये चित्र आणि आवाज हे दोन निराळ्या हेडवाटे, टेपच्या दोन निराळ्या भागांतून वाचले जातात. आवाज ठीक असून चित्र नाही, म्हणजे टेप चालते आहे, वेग बरोबर आहे, दोष फक्त चित्राच्या हेडमध्ये.

हे हेड कसे काम करते ते समजून घेण्यासारखे आहे. अर्धा इंच रुंदीची टेप सेकंदाला अवघी २३.३९ मिलिमीटर सरकते. एवढ्या मंद गतीने चित्राची दाट माहिती वाचणे अशक्य, म्हणून हेडच टेपवरून पळवतात. ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम सुमारे सहा अंश कललेला असतो आणि मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या कडेवर समोरासमोर दोन हेड बसवलेले असतात. टेप ड्रमला अर्धा वेढा घालून जाते, आणि हेड तिच्यावर तिरप्या रेघा ओढत सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने धावतात. ड्रमचा एक फेरा म्हणजे एक पूर्ण चित्र, सेकंदाला २५. प्रत्येक तिरप्या रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन. लाल रक्तपेशी सहा-सात शेजारी ठेवल्या की एवढी रुंदी होते. हेडच्या तोंडाची फट तर एक मायक्रॉनहूनही कमी. तिच्यात टेपच्या लेपाचा किंचित कण अडकला की चित्र गेले.

आता स्वच्छता. येथे आपल्या व्यवसायाची सवय आपल्याला खड्ड्यात घालते, म्हणून सविस्तर लिहितो. दवाखान्यातले स्पिरिट हाताशी असते आणि तेच वापरण्याचा मोह होतो. ब्रिटिश फार्माकोपियाच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेल असते. त्वचेला ते मानवते, हेडवर त्याचा थर बसतो. करोनाच्या काळात घरोघर साठलेले सॅनिटायझरही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातील हँडरबमध्ये १.४५ टक्के ग्लिसरॉल असते आणि बरेचसे पाणीही. हवे ते ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळते.

कापूस किंवा इयरबड चित्राच्या हेडला कदापि लावू नये, त्याचा तंतू हेडच्या टोकात अडकतो. गाडीची काच पुसण्यासाठी मिळते ते शॅमॉय चामडे घ्यावे. त्याचा लहान तुकडा अल्कोहोलने ओला करून ड्रमच्या कडेला हलकेच टेकवून धरावा, हात अजिबात हलवू नये, आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा माथा धरून तो सावकाश फिरवावा. हेडला चामड्यावरून जाऊ द्यावे, चामड्याला हेडवरून नेऊ नये. हेड फेराइटचे, काचेसारखे ठिसूळ. आडवा स्पर्श ते सोसतात, उभा घासला की टवका उडतो. मिस्त्रींचा इशारा त्यासाठी होता. माझा तुकडा पहिल्या चार फेऱ्यांतच तपकिरी झाला. तीनदा तुकडा बदलला, मग पंधरा मिनिटे सगळे वाळू दिले. पुन्हा चित्रपट लावला, आणि मुंग्यांच्या वारुळातून नायकाचा चेहरा वर आला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

उरलेली वाट, म्हणजे आवाजाचे हेड, टेप ओढणारा कॅपस्टन नावाचा दांडा, टेपला वळण देणारे खांब, हे सारे इयरबडने साफ करता येते. पिंच रोलर रबरी असल्याने त्याला अल्कोहोल कमीत कमी लावावे, सौम्य साबणाचे पाणी बरे. आणि खांबांच्या माथ्यावरचे स्क्रू, कितीही खुणावोत, फिरवू नयेत. त्यांची उंची कारखान्यात बसवलेली असते. माझ्या एका इंजिनिअर भाच्याने मला ते फिरवून पाहण्याचा सल्ला दिला होता. भाचा हुशार आहे, पण तो सल्ला मी मानला नाही.

यंत्र बरे झाले. आता कॅसेट.

अण्णांच्या एकसष्टीची कॅसेट उजेडात धरून खिडकीतून पाहिले तर रिळाच्या काळ्या गोलावर पांढुरकी लव दिसली. शिळ्या भाकरीवर येते तशी. बुरशी. निपाणीच्या कोरड्या हवेत ती धरली नसावी. २००५ नंतर काही वर्षे ही ट्रंक बेळगावात आमच्याकडे होती, आणि बेळगावचा पाऊस भिंतींनाही सोडत नाही. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर बुरशी ड्रमवर, रोलरवर पसरते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. शस्त्रक्रियागृहात जंतुसंसर्गाबद्दल कडक असणारे आपण, घरी एका व्हीसीआरमध्ये वीस कॅसेट बिनदिक्कत फिरवतो.

एक गोष्ट मला अस्वस्थ करत होती. व्हीएचएस टेपवर आवाजाची रेघ असते वरच्या कडेला, जेमतेम एक मिलिमीटर रुंद. मधला सारा भाग चित्राचा. आणि बुरशी धरते ती कडांना, कारण गुंडाळलेल्या रिळाच्या कडाच तेवढ्या हवेला उघड्या असतात. आईला चित्राची गरज नव्हती. तिला जे हवे होते ते नेमके त्या कडेवर होते.

घाई केली नाही. कॅसेट दहा दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली, म्हणजे ओली बुरशी वाळून भुकटी होते. ऊन दाखवण्याचा मोह टाळला, उष्णतेने टेप वाकते. मग गच्चीत बसून, एन-९५ मास्क लावून, कॅसेटचे पाच स्क्रू काढले आणि रिळे बाहेर घेतली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. ती एका रिळावरून दुसऱ्यावर हाताने गुंडाळत, तंतू न सुटणाऱ्या मऊ कोरड्या कापडाच्या चिमटीतून जाऊ देत, मीटर मीटर पुसली. कापड सारखे बदलायचे, ओढायचे नाही, टेपच्या पृष्ठभागाला बोट लावायचे नाही. चार संध्याकाळी लागल्या.

आई रोज शेजारी खुर्ची टाकून बसत असे. "कुठवर आलं?" ती विचारी. मी सांगे, "होम झाला असेल," "आता तुला चालली असेल." ती त्या वेळचे एकेक आठवून सांगे : तुलेच्या गुळाला लागलेले मुंगळे, पंगतीत कमी पडलेले मठ्ठ्याचे पातेले, आणि माझ्या आत्याचा रुसवा, जो कॅमेऱ्यात आलेला नाही. पुसलेली रिळे मी त्या हिंदी चित्रपटाच्या कॅसेटच्या स्वच्छ कवचात बसवली. चित्रपटाने अवयवदान केले, असे नातू म्हणाला.

पहिल्याच वेळी संगणकावर ध्वनिमुद्रण सुरू करून मगच प्ले दाबले. अशी टेप दुसऱ्यांदा चालेलच याचा भरवसा नसतो, त्यामुळे 'आधी पाहू, मग नोंदवू' असे करू नये. चित्र आले. खाली एक पांढरा पट्टा थरथरत होता, तो ट्रॅकिंगच्या बटणाने बराचसा गेला. रंग विटलेले, हॅलोजनमुळे सगळ्यांचे चेहरे पिवळे. दीड तासाने अण्णा माइकपाशी आले. टेबलावर बशी झाकलेला पाण्याचा पेला, मागे झेंडूच्या माळा. ते बोलू लागले.

आई ऐकत राहिली. दोन मिनिटांनी म्हणाली, "हा त्यांचा आवाज नव्हे. पडसं झाल्यासारखा येतोय."

मला काहीच खटकले नव्हते. तीस वर्षांपूर्वीच्या टेपकडून याहून जास्त काय अपेक्षा करायची, असे मी म्हणालो. पण ती ऐकेना. "ते 'स' म्हणायचे ना, तेव्हा शिट्टीसारखं वाजायचं. पुढचा दात पडला होता तेव्हापासून. ते ऐकू येत नाही." मी यंत्र थांबवले, टेप काढली आणि आवाजाच्या हेडवर भिंग धरले. नुकत्याच पुसलेल्या टेपने राहिलेली भुकटी तेथे सोडली होती, हेडच्या वरच्या कडेला तपकिरी पापुद्रा. आवाजाच्या हेडवर असा थर बसला की टेप त्याच्यापासून किंचित दूर राहते आणि प्रथम उंच स्वर नाहीसे होतात. 'स', 'श', 'फ' जातात, बोलणे घोंगडीखालून आल्यासारखे होते. आईने कानाने निदान केले होते, भिंगाने ते सिद्ध झाले. हेड पुन्हा साफ केले, टेप मागे नेली. या वेळी पहिल्याच वाक्यात 'सज्जनहो' मध्ये ती शिट्टी वाजली. आईने मान हलवली.

अण्णांचे भाषण वीस मिनिटांचे. त्यात त्यांनी पहिल्या वर्षीच्या सायकलीचे वर्णन केले. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला, तेव्हा बसलेल्या शेतकऱ्यांमधून वाट काढीत ते व्हिजिटला जात, ते सांगितले. कंपाउंडरचे आभार मानले, औषधांच्या उधारीवर एक विनोद केला. सतराव्या मिनिटाला आवाज गेला. त्या जागी बुरशीने टेपची कड खाल्ली होती, लेपच नव्हता. मोजून चौदा सेकंद शांतता. मग आवाज परत आला तो "...म्हणून मी हे करू शकलो" या शब्दांवर, आणि त्यामागून टाळ्या.

"तिथं ते पाणी प्यायला थांबले होते," आई म्हणाली.

चित्र मात्र त्या चौदा सेकंदांत शाबूत होते. मधल्या भागाला बुरशी लागलीच नव्हती. पेल्यावरची बशी तशीच होती. अण्णा बोलत होते, आणि पहिल्या रांगेत डावीकडे, जेथे बायका बसल्या होत्या, तिकडे हात करून बोलत होते. मी ते चौदा सेकंद नंतर अनेकदा पाहिले, ओठ वाचण्याचा प्रयत्न केला. बहिऱ्या मुलांच्या शाळेतील एका शिक्षिकाबाईंनाही दाखवले. पण हॅलोजनचा झोत नेमका चेहऱ्यावर आहे आणि मिशा दाट. त्यांना दोन शब्दांपलीकडे काही लागले नाही, आणि ते दोन शब्द त्यांनीही खात्रीने सांगितले नाहीत, म्हणून येथे लिहीत नाही. आईला मी त्या दिवशी "हो, पाणीच पितायत," असे म्हटले.

भाषणाची फाइल आता तिन्ही भावंडांकडे तीन ठिकाणी आहे. मूळ टेप पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहे. दर उन्हाळ्यात जेल बदलायचे, असे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

हे सारे गावात कळले, तसे यंत्र झाकण्याची सोय उरली नाही. ज्या डॉक्टर मित्रांच्या घरी अशा कॅसेट पडून आहेत, त्यांनी आधी खिडकीतून बुरशी पाहावी, मग माझ्याकडे यावे. न्यू जर्सीच्या किंवा ह्यूस्टनच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट मात्र आणू नयेत. त्या बहुधा अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीच्या असतात, सेकंदाला ३० चित्रे आणि ५२५ रेघा. माझे यंत्र पाल पद्धतीचे, २५ चित्रे आणि ६२५ रेघांचे. त्यांना दोन्ही पद्धती चालणारे यंत्र लागते. सध्या टेबलावर एका सर्जन मित्राची १९९३ सालची कॅसेट आहे. त्यांनी दुर्बिणीतून केलेली पित्ताशयाची पहिली शस्त्रक्रिया, असे तिच्यावर लिहिले आहे. खिडकीत पांढरे दिसते आहे. आज डब्यात तिचा सहावा दिवस.